दाणे टाकणारं यंत्र कुणाला विकणार?

आपल्या हॉस्टेलवर फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय कसे ठरतात, हे वेगळं सांगायला नको. कुणीतरी परदेशातली वस्तू व्हिडिओत बघतो आणि थेट लॅमिंग्टन रोडला सामान आणायला पळतो. यंदा आमच्या मजल्यावर हवा आहे ती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या फीडरची. साधारण 200 लिटरचं पिंप, त्याला तीन पाय, बुडाशी बॅटरीवर फिरणारी चकती आणि एक टायमर. पहाटे आणि संध्याकाळी चकती काही सेकंद फिरते, मका चहूकडे उडतो, हरणांना तिथे यायची सवय लागते आणि शिकारी जवळच दबा धरून बसतो. टेक्ससमध्ये हे यंत्र सर्रास विकलं जातं.

यंत्र झकास आहे, वादच नाही. एका सेमिस्टरमध्ये आरामात होईल. पण मित्रांनो, ते घेणार कोण?

शिकारी तर घेणार नाही. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली 1991ची दुरुस्ती, यानंतर आपल्याकडे हौशी शिकार संपलीच. वर त्या कायद्याच्या व्याख्येत प्राण्याला आमिष दाखवणं हीसुद्धा शिकारच! म्हणजे आपलं मॉडेल गोळीशिवायच गुन्ह्यात.

मग कुणीतरी म्हणतं, कबुतरांसाठी करू, दादर काय चालत जाण्याइतकं. तिथला कबुतरखाना 2025 मध्ये महापालिकेने ताडपत्री टाकून झाकला, प्रकरण हायकोर्टात गेलं, ते सोडा. त्याआधीही हे यंत्र तिथे खपलं नसतं. दाणे टाकणाऱ्याला पुण्य स्वतःच्या हाताने हवं असतं, टायमरने मिळालेलं नको. शिवाय दोन मुठी जास्त पडल्या तर त्याच्या खिशाला काय फरक पडतो? त्रास होतो तो शेजारच्या इमारतीतल्या लोकांच्या फुफ्फुसांना, आणि ते काही आपलं यंत्र विकत घ्यायला येत नाहीत.

माझ्या मते खरं गिऱ्हाईक पालघर-रायगडच्या खाडीकाठी आहे. कोळंबीची तळी. व्हेनामी जातीच्या एका पिकाला साधारण चार महिने लागतात आणि निम्म्याच्या आसपास खर्च नुसत्या खाद्याचा. कोळंबी हरणासारखी भराभर खात नाही, कुरतडत बसते. दिवसातून चार वेळा भरपूर टाकण्यापेक्षा थोडं थोडं दिवसभर टाकलेलं बरं. उरलेलं तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो. इथे ग्रॅमचा हिशेब मालकाला कळतो, कारण पैसे त्याचेच जातात. आंध्रकडे अशी यंत्रं आधीच वापरात आहेत, म्हणजे कल्पना नवी नाही. नवी नसली तरी चालेल, व्हायव्हाला तसं सरळ सांगावं.

पण मग डिझाइन बदलतं, आणि खरी मजा इथे आहे. शिकाऱ्याच्या फीडरची झडप उघडी राहिली तर मका वाया जाईल, बस्स. तळ्यावर रात्री झडप अडकली आणि पिंपभर खाद्य पाण्यात गेलं, तर सकाळी कोळंबी मेलेली दिसू शकते. म्हणून वीज गेली, तार तुटली, मोटर जळली, काहीही झालं तरी झडप बंदच झाली पाहिजे. बंद पडलेल्या यंत्राचं काम माणूस हाताने करू शकतो. चकती फार जोरात फिरवली तर गोळ्या फुटून भुगा होतो, तोही नुकसानच. कोळंबी वाढते तशी गोळीची साइज बदलते, मग सेकंदाला किती ग्रॅम पडतात हे पुन्हा मोजा. खारा वारा साध्या लोखंडाला सोडत नाही. आणि पालघरच्या मेकॅनिकला मिळणार नाही असा पार्ट घालू नका. वायपरची मोटर कुठेही मिळते.

वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. दादरहून अंधेरी लोकल, पुढे मेट्रो. कोडिंगला बसण्याआधी तिथे एक चक्कर मारा. आणि जुलैत हॉपर तयार झाला की त्यात दोन किलो खरं खाद्य भरा, चार दिवस हॉस्टेलच्या गच्चीवर पावसात ठेवा, आणि मग चकती फिरवून बघा.