तक्रारीलाही आपली भाषा हवी

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, हे सीमेवरच्या वाचकांना सांगावयास नको. तेथे गाडीची सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत दिली जाते. याच मार्गाने आपली माणसे पोटासाठी सुरतेस गेली आणि लिंबायत, उधना, दिंडोली भागांत स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिका मराठी प्राथमिक शाळाही चालविते. रेल्वेला जे जमते, महापालिकेला जे जमते, ते इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांना का जमू नये, हा आजचा प्रश्न आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे लिंबायतला गेलो होतो. घरातील केबलचे इंटरनेट चार दिवस बंद होते. केबलवाला म्हणे, कंपनीला फोन करा. कंपनीच्या फोनवर गुजरातीसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. बहिणीने दोन दाबले. पुष्कळ वेळ गाणे ऐकविल्यावर एक मुलगी बोलू लागली. बहीण म्हणाली, ‘नेट बंद है.’ तिकडून विचारणा झाली, ‘बंद करना है?’ बहीण उत्तरली, ‘हां, बंदच है.’ तिसऱ्या दिवशी निरोप आला की, आपल्या विनंतीनुसार जोडणी कायमची बंद करण्यात आली आहे! पुन्हा जोडणीसाठी वेगळे पैसे मागितले गेले. भाचीचा कॉलेज शिष्यवृत्तीचा अर्ज तोवर दुकानात पैसे मोजून भरावा लागला.

यात बहिणीची चूक ती कोणती? घरी अहिराणी, शाळेत सातवीपर्यंत मराठी, हिंदी बाजारापुरती. भाजीचा भाव करण्यास तेवढी पुरते. बिघाड सांगणे, आकारणी नाकारणे, जाब विचारणे यांस ती पुरत नाही. माणूस अडला की गप्प बसतो आणि मागितलेले पैसे भरतो. भाषेचा प्रश्न येथे अस्मितेपेक्षा खिशाचा आहे.

गुजरातमध्ये गुजरातीचा मान पहिला, याविषयी आमचे दुमत नाही. आपल्या बाजूच्या गुजराती ग्राहकालाही त्याची भाषा मिळाली पाहिजे. पण जेथे मराठी वस्ती मोठी, तेथे कंपनी मराठी माणसाकडून दरमहा पैसे घेते. तेथे चौथे बटण मागणे ही भीक नव्हे.

ते मिळेपर्यंत काय करावे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो मागून घ्यावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही, असे म्हणावयास कंपनी मोकळी राहते. निवारणाने समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा, असा नियम आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे १७ भाषांत तक्रार घेतली जाते आणि त्यांत मराठी आहे. सरकारी हेल्पलाइनला सतरा भाषा झेपतात, खाजगी कंपनीला चार झेपत नाहीत, हे पटणारे नाही.

ग्राहक आयोगाचे दारही आता उघडे आहे. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारींना तेथे अडथळा होता. अहमदाबादच्या एका ग्राहकास मोबाईलचे चोवीस हजारांवर बिल आले. त्याने २०१४ मध्ये तक्रार नोंदविली आणि कंपनीने हा वाद ग्राहक मंचात चालणारच नाही, असा आक्षेप घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने ग्राहकाचा हक्क मान्य केला. एका माणसाच्या चिकाटीचा लाभ आज सर्वांना आहे.

आमच्या समितीच्या सभासदांना आणि शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे की, सुरतेतील नातलगांना तक्रारीचा मजकूर आधी कागदावर लिहून द्यावा. कंपनीकडे मराठी सेवेची लेखी मागणी करावी. पन्नास घरांची पन्नास पत्रे गेली तर दखल घ्यावीच लागेल. बहिणीचे पत्र गेले आहे. तिच्या दिनदर्शिकेवर आता दुधाच्या हिशेबाशेजारी १९१५ हा आकडा लिहिलेला आहे.