भाग्य म्हणजे वाटा

वाशीम जिल्ह्यातील कामरगाव हे कारंजा तालुक्यातील गाव. या टापूत कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्यतः पावसाच्या भरवशावरची पिके. पावसाने ओढ दिली की 'नशिबातच नव्हते' हा उद्गार सहज उमटतो. ज्याचे पीक बुडाले, त्याला त्यातून क्षणभर धीर मिळतो. पण तोच शब्द समाजाने त्याच्याविषयी उच्चारावा काय?

'भाग्य' या शब्दाच्या मुळाशी 'भज्', म्हणजे वाटून देणे, हा धातू आहे. अरबीतून मराठीत रुजलेल्या 'नशीब' या शब्दाचा मूळ अर्थही वाटा असाच आहे. 'प्रारब्ध' म्हणजे संचितापैकी ज्याचा भोग सुरू झाला तेवढाच भाग. क्रियमाण कर्म आपल्या हाती उरतेच. 'सारे आधीच ठरलेले आहे' असे सांगणारे आजीवक आचार्य मक्खली गोशाल याच भूमीत झाले. भगवान बुद्ध आणि भगवान महावीर या दोघांनीही त्यांचा नियतिवाद नाकारला. गीतेच्या १८व्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. दैव त्यांतले पाचवे, एकमेव नव्हे. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषार्थावाचून दैव फळत नाही, हा याज्ञवल्क्यस्मृतीचा निर्वाळा. लोकमान्यांनीही १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाकाच्या जोडीनेच आत्मस्वातंत्र्याचा विचार मांडला.

कर्मसिद्धान्त स्वतःला लावला तर पुरुषार्थ जागतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला तर ते निष्ठुरतेचे समर्थन ठरते. अस्पृश्यतेला 'पूर्वकर्म' म्हणण्याचे पाप या समाजाने केले आणि त्याची जबर किंमतही मोजली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्राने विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना घोषित केली. त्या सहांत वाशीमही होता. सिंचन, थकीत कर्जावरील व्याजमाफी, बियाणे हे त्या योजनेचे विषय होते. यांतले दैवाधीन काय आहे? पाऊस माणसाच्या हाती नाही. पाणी अडवणे, वेळेवर पतपुरवठा आणि रास्त भाव या गोष्टी मात्र माणसांच्याच हाती आहेत.

भाग्य म्हणजे वाटा असेल, तर वाटपाचा हिशेब समाजालाही द्यावा लागेल. कर्जाने खचलेल्या बांधवाच्या दारी जाताना कार्यकर्त्याने 'दैव' हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवावा आणि मदतीचा हात घेऊन आत जावे.