उतारवयातली जवळीक आणि मेंदूची तल्लखी

'आठवड्यातून एकदा शरीरसंबंध, मेंदू राहील तल्लख' अशा आशयाचा मथळा दर एक-दोन वर्षांनी कुठे ना कुठे झळकतो. मग तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरतो, मित्रमंडळी एकमेकांना कोपरखळ्या मारतात आणि विषय हसण्यावारी जातो. साठी ओलांडलेल्या माणसाच्या कामजीवनाचा विषय निघाला की आपल्याला एक तर हसू येते, नाही तर संकोच वाटतो. त्यामुळे दोन प्रश्न बाजूलाच राहतात. या मथळ्यांमागच्या संशोधनात नेमके काय आढळले? आणि आपल्या घरातल्या ज्येष्ठांनी त्यातून काय घ्यावे?

आधी संशोधन पाहू. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या हजारो लोकांच्या प्रकृतीची आणि राहणीमानाची पाहणी २००२ पासून सातत्याने केली जाते. त्याच त्या लोकांना ठरावीक वर्षांनी पुन्हा भेटून प्रश्न विचारले जातात. कॉव्हेन्ट्री विद्यापीठातील हेली राइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने या पाहणीतील ५० ते ८९ वयाच्या ६,८३३ जणांची माहिती तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गेल्या वर्षभरात कोणत्याही स्वरूपाचे लैंगिक जीवन होते का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारात घेतला होता. त्यात केवळ संभोगच नव्हे, तर प्रेमाने कुरवाळणेही धरलेले होते. चाचण्या दोन होत्या. ऐकलेले दहा शब्द लगेच आणि थोड्या वेळाने आठवून सांगायचे, आणि आकड्यांच्या मालिकेतील गाळलेला आकडा ओळखायचा. ज्यांनी 'हो' म्हटले होते, त्या पुरुषांचे गुण दोन्ही चाचण्यांत जास्त होते. स्त्रियांमध्ये हा फरक फक्त शब्द आठवण्याच्या चाचणीत दिसला. वय, शिक्षण, संपत्ती, व्यायाम, एकटेपणा, नैराश्य यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक पूर्णपणे पुसला गेला नाही.

पुढच्याच वर्षी याच गटाने ७३ जणांचा छोटा अभ्यास केला. आठवड्याला लैंगिक संबंध असणाऱ्यांना मिनिटभरात जास्तीत जास्त प्राण्यांची नावे सांगणे किंवा घड्याळाचे चित्र काढणे अशा कामांत अधिक गुण मिळाले. पण स्मरणशक्ती, एकाग्रता आणि भाषा यांत फरक आढळला नाही. म्हणजे पहिल्या अभ्यासात स्मरणशक्ती पुढे होती, दुसऱ्यात ती दिसलीच नाही. मथळे देणाऱ्यांनी मात्र दोन्ही वेळा 'मेंदू तल्लख' असेच लिहिले.

ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या मार्क अ‍ॅलन यांचा २०१८ मधील अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. त्यांनी इंग्लंडच्या त्याच पाहणीतील ६,०१६ जणांची स्मरणशक्ती दोन वर्षांच्या अंतराने पाहिली. चुंबन, आलिंगन, कुरवाळणे, संभोग हे ज्यांच्या आयुष्यात अधिक होते, त्यांची स्मरणशक्ती चांगली होती. परंतु दोन वर्षांत स्मरणशक्तीची जी घसरण झाली, ती मात्र थांबलेली दिसली नाही. जवळीक असलेल्यांची आणि नसलेल्यांची स्मरणशक्ती साधारण सारख्याच वेगाने उतरत होती. जवळीक हे विसराळूपणावरचे औषध असते, तर निदान घसरणीचा वेग तरी कमी दिसायला हवा होता. अर्थात, दोन वर्षांचा काळ मोठा नाही, हेही खरे.

अमेरिकेत शॅनन शेन आणि हुई लिऊ यांनी २०२३ मध्ये पाच वर्षांच्या अंतराची माहिती मांडली. ६२ ते ७४ या वयोगटात संबंध किती वेळा आले यापेक्षा ते किती सुखाचे आणि समाधानाचे होते, याचा पाच वर्षांनंतरच्या बौद्धिक क्षमतेशी संबंध दिसला. ७५ ते ९० या गटात आठवड्यातून किमान एकदा संबंध असणाऱ्यांचे गुण चांगले होते. हा पुरावा आधीच्यापेक्षा थोडा वजनदार आहे, कारण आधी जवळीक मोजली आणि नंतर मेंदूची क्षमता. तरीही हे निरीक्षणच आहे, प्रयोग नव्हे.

इथे मेख अशी की, बाण उलट्या दिशेनेही जाऊ शकतो. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला अनेकांचा सगळ्यातलाच रस कमी होतो. पेपर वाचणे, फिरायला जाणे, गप्पा मारणे, आणि जोडीदाराच्या जवळ जाणेही. मधुमेह, उच्च रक्तदाब, नैराश्य हे कामजीवन आणि मेंदू या दोघांनाही पोखरतात. शिवाय ज्याचा जोडीदार हयात आहे, घरात भांडण नाही, गुडघे आणि हृदय धड आहे, अशा माणसाचा मेंदूही बरा असण्याची शक्यता मुळातच जास्त. म्हणून 'आठवड्यातून एकदा' हा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखा वाचू नये. लिऊ यांच्याच २०१६ मधील अभ्यासात आठवड्याला किंवा त्याहून अधिक वेळा संबंध ठेवणाऱ्या ज्येष्ठ पुरुषांत पाच वर्षांनी हृदयविकाराशी निगडित धोका जास्त दिसला होता. स्त्रियांना संबंध समाधानाचे वाटत असतील, तर त्यांच्यात उच्च रक्तदाबाचा धोका कमी होता. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासातल्या आहेत. त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही.

मग या सगळ्यात शरीरशास्त्राचा आधार आहे की नाही? आहे, पण मर्यादित. एरिका ग्लॅस्पर आणि एलिझाबेथ गुल्ड यांनी मध्यमवयीन उंदरांवर केलेल्या प्रयोगात दीर्घकाळ समागमाची संधी मिळाल्यावर हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात नव्या चेतापेशी वाढल्या आणि त्या भागाचे काम सुधारले. मात्र दीर्घ खंडानंतर, त्या नव्या पेशी टिकून असूनही, फायदा ओसरला. उंदरांवरून माणसाबद्दल ठाम बोलता येत नाही.

स्पर्शाबाबत मात्र माणसांवरचेच पुरावे आहेत. आपल्या केसाळ त्वचेत काही चेतातंतू असे असतात की, त्यांना जोराचा किंवा घाईचा स्पर्श फारसा कळत नाही. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ गतीने फिरणाऱ्या हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. बाळाला थोपटताना, पाठीवरून हात फिरवताना आपला हात आपसूक याच गतीने फिरतो. स्वीडनमधील संशोधकांनी १३ ते ८२ वयाच्या लोकांवर याचा अभ्यास केला. वयानुसार बोटांना बारीक फरक कळणे कमी झाले होते, पण मायेच्या हळुवार स्पर्शातला आनंद कमी झाला नव्हता. उलट, वयस्कर लोकांना तो अधिक सुखद वाटला. अमेरिकेत २००६ मध्ये जेम्स कोअन यांनी १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण केले. विजेचा सौम्य झटका बसणार या भीतीने मेंदूत उठणारी खळबळ पतीचा हात हातात असताना कमी होत होती, आणि नाते जितके चांगले तितकी ती अधिक शमत होती. या स्त्रिया ज्येष्ठ नव्हत्या आणि हा स्मरणशक्तीचा अभ्यासही नव्हता. पण ओळखीचा हात मेंदूतला ताण उतरवतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

माझ्या मते या संशोधनातून घेण्यासारखी गोष्ट ही आहे. शरीरसंबंध किंवा आलिंगन स्मृतिभ्रंश टाळते, असे सिद्ध झालेले नाही. पण वय वाढले म्हणून स्पर्शाची गरज संपते, हा आपला समज मात्र नक्की चुकीचा आहे. आणि या समजापायी आपण ज्येष्ठांकडून बरेच काही काढून घेतो.

दोन खोल्यांच्या घरात मुलाचे लग्न झाले की आतली खोली नव्या जोडप्याकडे जाते. आई नातवंडांजवळ झोपते, वडील बाहेरच्या खोलीत किंवा गॅलरीत. कोणी कोणाला तसे सांगत नाही, ते आपोआप ठरते. काही घरांत तर आई एका मुलाकडे आणि वडील दुसऱ्याकडे अशी वाटणी होते. जेवणखाण, औषधपाणी, सगळे चोख असते. चाळीस-पन्नास वर्षे शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वासही रात्री ऐकू येत नाही, याची नोंद मात्र कुणी घेत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी ज्येष्ठ पाहणीवर आधारित अंदाजानुसार, भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ जोखीम घटकांत सामाजिक एकाकीपणा आणि नैराश्य हे दोन्ही आहेत. भरल्या घरातही माणूस एकाकी पडू शकतो, हे आपण जाणतोच.

दुसरी अडचण दवाखान्यातली आहे. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ जणांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ५७ ते ६४ या गटात ७३ टक्के, तर ७५ ते ८५ या गटात २६ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते. पण पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी कधी तरी बोललेले पुरुष ३८ टक्के आणि स्त्रिया अवघ्या २२ टक्के होत्या. अमेरिकेसारख्या देशात ही स्थिती, तर आपल्याकडची कल्पना केलेली बरी. वास्तविक र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू करून कामजीवनावर मराठीत मोकळेपणाने लिहिले होते. शंभर वर्षे होत आली, तरी सत्तरीचे गृहस्थ डॉक्टरांकडे 'जरा अशक्तपणा वाटतो' एवढेच सांगतात.

हे मौन महागात पडते, कारण यातल्या अनेक अडचणींवर उपाय असतात. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनी इच्छा किंवा ताठरता कमी होते. डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात, मात्र ते स्वतःहून बंद करू नये. पुरुषांमधली ताठरतेची तक्रार पुष्कळदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांना कोरडेपणामुळे वेदना होतात. त्यावर साधे उपचार आहेत, पण 'या वयात हे काय सांगायचे' म्हणून वर्षानुवर्षे त्या सहन करतात. एक धोक्याची सूचना इथे द्यायलाच हवी. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट गटातील औषध चालू असेल, तर सिल्डेनाफिलसारखी गोळी परस्पर दुकानातून आणून कदापि घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव धोक्यात येतो. जोडीदाराचा रस अचानक उडाला आणि सोबत विसराळूपणा किंवा स्वभावात बदल दिसू लागला, तर रुसून बसण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.

जोडीदार गमावलेल्यांचे काय? त्यांच्यापैकी कुणाला नव्याने साथ शोधावीशी वाटली, तर मुलांनी 'लोक काय म्हणतील' याआधी आईवडिलांना काय वाटते ते विचारावे. ज्यांना तसे नको, त्यांनाही स्पर्श हवा असतोच. नातवाने मिठी मारणे, लेकीने केसांना तेल लावून देणे, मुलाने पाय चेपून देणे. याने स्मरणशक्ती वाढेल असा दावा मी करणार नाही. तो करण्याची गरजही नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. तिला किंवा त्याला स्पर्श हवासा वाटतो आहे का, हे चेहऱ्यावरून, हाताच्या पकडीवरून ओळखावे, आणि नको असेल तर लगेच थांबावे. नाव विसरलेला माणूसही हात ओळखीने धरून ठेवतो, हे शुश्रूषा करणाऱ्या अनेकांनी अनुभवले आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तो मथळा मोबाइलवर आला की पुढे पाठवण्याआधी घरात एकदा पाहावे. आई-बाबा रात्री कुठे झोपतात? ती जागा त्यांनी निवडली आहे, की आपण त्यांना दिली आहे?