पीक शेतात, पण ॲपमध्ये नाही. मग मदत मिळते का?

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात व्हॉट्सॲप, यूट्यूब, फोनपे रोजचेच. खरिपात मात्र एक ॲप आवडो न आवडो, उघडावंच लागतं: ई-पीक पाहणी.

15 ऑगस्ट 2021 पासून ते राज्यभर सुरू झालं. आधी सातबाऱ्यावर पीक तलाठी लिहायचे. तेही चावडीत बसून, अशी जुनी तक्रार. आता शेतकऱ्यानेच बांधावर जाऊन गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळे घरात बसून सोयाबीन दाखवता येत नाही. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठते आणि नंतर अपलोड करता येते.

नोंद राहिली तर काय होतं, हे 2024 मध्ये दिसलं. आदल्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर झाली. अट होती ई-पीक पाहणीची. पीक घेतलं, विकलंही, पण ॲपवर नोंद नाही म्हणून अनेकांची नावं यादीत आली नाहीत. ओरड झाल्यावर सरकारने अट शिथिल केली आणि सातबाऱ्यावरची नोंद धरली. थोडक्यात, ॲपने वगळलेल्यांना तलाठ्याच्या जुन्या नोंदीने तारलं!

हमीभावाने सोयाबीन विकायचं तरी सातबाऱ्यावर पीक लागतंच. स्मार्टफोन नसेल तर शेजाऱ्याच्या फोनवरूनही नोंद होते. राहिलेल्या क्षेत्रासाठी गावात सहायक नेमलेले असतात. पीक चुकीचं भरलं गेलं, तर दुरुस्तीला 48 तास मिळतात.