पगार अडला, तो कुणामुळे?

पगारपत्रक तयार करणे किती किचकट असते, हे आम्हा कारकुनांना पुरते ठाऊक आहे. महागाई भत्ता, घरभाडे, ओव्हरटाइम, बिनपगारी रजा, मागील थकबाकी! एक आकडा चुकला की एका घराचा किराणा अडतो. म्हणून कॅनडा सरकारच्या पगाराची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुलामुलींना संगणकाच्या शिक्षणाला घालणाऱ्या पालकांनी ती अवश्य वाचावी.

तेथील केंद्र सरकारने सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी ‘फिनिक्स’ ही संगणकप्रणाली आणली. मंजुरी होती १५.५ कोटी डॉलरची. २०१२ मध्ये कंपनीने २७.४ कोटी लागतील असे सांगितले. अधिकाऱ्यांनी जादा पैसे मागितले नाहीत, कामच कापले! ठरलेल्या ९८४ कामांपैकी शंभराहून अधिक कामे वगळली किंवा पुढे ढकलली. त्यात थकबाकी काढण्याचे कामही गेले. आधी एका खात्यात चाचणी घ्यायची होती, तीही २०१५ मध्ये रद्द केली. पगाराचे काम जाणणाऱ्यांच्या सुमारे १२०० जागा ४६ खात्यांतून काढून टाकल्या आणि मिरामिची या गावच्या सुमारे ५५० माणसांवर सारा भार टाकला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये फिनिक्स सुरू झाली. कुणाला पगार कमी, कुणाला जास्त, तर कुणाला काहीच नाही! २०१७ च्या मध्यापर्यंत दीड लाखांवर कर्मचाऱ्यांची प्रकरणे तुंबली. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचवू म्हणणाऱ्यांना चुका निस्तरण्यासाठी कोट्यवधी मोजावे लागले. २०१८ मध्ये तेथील महालेखापरीक्षकांनी हे अपयश अनाकलनीय ठरविले.

आमच्या मते दोष यंत्राचा नाही, नियोजनाचा आहे. जो रोज काम करतो, त्याला आधी विचारावे. नवी पद्धत प्रथम एका खात्यात चालवून पाहावी. जुन्या व नव्या पद्धतीचे पगार काही महिने ताडून पाहावेत आणि आकडे जुळेपर्यंत जुनी माणसे हलवू नयेत. पैसा अपुरा असेल तर तारीख पुढे न्यावी, चाचणी कापू नये.

आपली मुले उद्या अशाच प्रणाली तयार करतील. साहेब घाई करू लागले तर “अजून तपासणी झालेली नाही” असे स्पष्ट सांगण्याचे धैर्य त्यांनी बाळगावे. कारण पडद्यावरच्या प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी चूल असते.