आवाज वाढवायचा की स्वच्छ करायचा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अब्बांना घेऊन मिरजेहून सोलापूरला बहिणीकडे निघालो होतो. अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे. रेल्वेत नोकरी केली, इंजिनांच्या धडधडीत आयुष्य गेलं. आता कमी ऐकू येतं, पण ते मान्य नाही. पेन ड्राइव्हवर त्यांच्या आवडीच्या जुन्या गझला लावल्या होत्या. कवठेमहांकाळ मागे पडलं आणि त्यांचं सुरू झालं, "आवाज बढा रे, समझ में नै आ रा." मी वाढवला. पुन्हा तेच. सांगोल्यापर्यंत स्टिरिओचा आकडा 28 वर गेला, दाराचं प्लास्टिक थरथरायला लागलं, माझं डोकं दुखायला लागलं आणि अब्बा विचारत होते, "क्या बोला वो?"

गाडी साधी हॅचबॅक, जुनी घेतलेली. कंपनीचेच दारातले स्पीकर. परत आल्यावर एका दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीकडे नीट पाहिलंही नाही. नवे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सीटखाली बसणारा सब-वूफर असं 24 हजारांचं पॅकेज सांगितलं. वर म्हणाला, "सर, अ‍ॅम्पशिवाय स्पीकर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात."

हे वाक्य आज अनेकांना ऐकवलं जातं, म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक घरगुती गाड्यांना पहिल्या फेरीत अ‍ॅम्पची गरज नसते. आधी स्पीकर, त्याबरोबर दार, मग स्टिरिओची सेटिंग, आणि एवढं करूनही कमी पडलं तरच अ‍ॅम्प. हा क्रम उलटा केला की बिघडलेला आवाजच मोठा होऊन बाहेर येतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला कळलं नाही तर ओरडून उपयोग नसतो, उच्चार स्पष्ट करावा लागतो. उर्दूत 'राज' म्हणजे सत्ता आणि 'राज़' म्हणजे गुपित. 'फन' सापाचा, 'फ़न' कलावंताचा. मराठीतही 'चोर'मधला च वेगळा आणि 'चहा'मधला वेगळा. हे फरक ज्या व्यंजनांत आहेत, त्यांची ओळख बरीचशी वरच्या पट्टीतल्या ध्वनींवर ठरते. जुन्या टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. म्हणूनच नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोळ व्हायचा. वयानुसार ऐकणं कमी होतं तेही आधी याच वरच्या पट्टीत. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय, पण समजत नाही." अब्बांचं नेमकं तेच झालं होतं.

त्यात माझ्या गाडीतले स्पीकर कागदी कोनचे, ट्वीटर नसलेले, दारात खाली घोट्याजवळ बसवलेले. वरच्या पट्टीचा आवाज सरळ रेषेत जातो. तो पायांवर आणि सीटवर अडतो, कानापर्यंत पोहोचतच नाही. अशा स्पीकरला ताकद जास्त दिली, तर जे नाही ते कुठून येणार?

माझा एक माजी विद्यार्थी गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं छोटं दुकान चालवतो. त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, अ‍ॅम्प विकला तर मला चार पैसे जास्त मिळतील. पण आधी दार उघडू." दाराचं पॅड काढल्यावर कळलं की स्पीकर म्हणजे फक्त ती गोल वस्तू नव्हे. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे खेचतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की बेस एकमेकांना खाऊन टाकतो. दारात मोठमोठी भोकं असतात, पत्रा पातळ असतो, त्यामुळे नेमकं हेच होतं.

आमच्या मिरजेत तंबोरे, सतारी घडवणारी घराणी आहेत. इथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आवाज भोपळ्यात घुमतो हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. मला वाटलं, दार म्हणजे स्पीकरचा भोपळा. विद्यार्थ्याने चूक दाखवली. भोपळा घुमला पाहिजे, दार मात्र घुमता कामा नये. ते जितकं मुकं, तितका स्पीकर बोलतो.

मग त्याने पत्र्याला ब्युटिलच्या डॅम्पिंग शीट चिकटवल्या, मोठी भोकं बंद केली, स्पीकरखाली घट्ट रिंग आणि कडेला फोमची पट्टी लावली, म्हणजे आवाज पॅडच्या आत न फिरता बाहेर येतो. एक गोष्ट मात्र जपायची. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या आतून खाली जातं आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं बुजवली किंवा आतला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडला, तर पुढच्या पावसाळ्यात पॅड भिजणार, दार गंजणार. काच पूर्ण खाली केल्यावर स्पीकरच्या पाठीला लागत नाही ना, हेही पॅड बसवण्याआधी बघायचं. आणि वायर कापू द्यायची नाही. गाडीच्या सॉकेटला बसणारा तयार कपलर मिळतो.

पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर बसवले, म्हणजे ट्वीटर वेगळा. तो वर, आरशाच्या कोपऱ्यात, कानाच्या जवळपास. मागचे स्पीकर तसेच ठेवले. बजेट कमी असेल तर ट्वीटर मध्येच बसवलेले कोअ‍ॅक्सिअल स्पीकरही कंपनीच्या कागदी स्पीकरपेक्षा खूप बरे.

आता अ‍ॅम्पचा हिशेब. स्टिरिओवर '50 वॅट गुणिले 4' छापलेलं असतं, ती क्षणभराची कमाल असते. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट मिळतात. त्यातून 4 ओहमच्या स्पीकरला स्टिरिओची चिप प्रत्येकी 15 ते 20 वॅटच्या आसपास स्वच्छ ताकद देते. ही कमी वाटते, पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. म्हणून स्पीकर घेताना वॅटचा मोठा आकडा बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा. 92 डेसिबलचा स्पीकर 20 वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला 89 डेसिबलच्या स्पीकरला 40 वॅट लागतात. फक्त दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले हवेत. 1 वॅटला मोजलेला आणि 2.83 व्होल्टला मोजलेला यांची तुलना करू नका. 4 ओहमवर 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॅट होतात, आणि आकडा फुकटात 3 ने फुगतो.

यानंतरची सेटिंग बिनपैशाची होती. स्टिरिओत हाय-पास फिल्टर होता, तो 80 हर्ट्झला ठेवला. खोल बेसचा भार दाराच्या स्पीकरवरून उतरला की बाकीचा आवाज मोकळा होतो. बेस, ट्रेबल मध्यावर आणले. 2 ते 4 हजार हर्ट्झचा पट्टा थोडासाच उचलला. डाव्या-उजव्या स्पीकरचे प्लस-मायनस तपासले, कारण एक जरी उलटा जोडला तरी बेस गायब होतो, आणि लोक स्पीकरला नावं ठेवतात.

मग अ‍ॅम्प कुणी घ्यावा? हायवेवर मोठ्याने ऐकायची ज्यांना खरोखर सवय आहे आणि आकडा वाढवल्यावर ज्यांचा आवाज फाटतो त्यांनी, किंवा ज्यांना सब-वूफर हवाच आहे त्यांनी. फाटक्या आवाजाने ट्वीटर जळतात, तेव्हा शिलकी ताकद असणं हे चांगलंच. पण तो नीट बसवा. बॅटरीपासून थेट जाडसर तांब्याची वायर हवी, बॅटरीच्या जवळ, हातभर अंतराच्या आतच फ्यूज हवा, अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट हवं. आणि गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो स्टिरिओशी जुळवायचा असतो, शेवटपर्यंत फिरवायचा नसतो.

माझा एकूण खर्च साडेनऊ हजार झाला. दुकानदाराने सांगितलेल्या रकमेच्या निम्माही नाही.

मला वाटतं हा फक्त गाडीचा प्रश्न नाही. आपल्याकडे मोठा म्हणजे चांगला हे समीकरण पक्कं बसलं आहे. लग्नाचा डॉल्बी असो, मिरवणूक असो, सभा असो की आमच्या मशिदीचा भोंगा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, ती किती जणांच्या कानावर गेली असेल? ज्याला समजत नाही त्याच्यासमोर आपण आवाज चढवतो. शब्द नीट पोहोचला का, हे कुणी विचारत नाही.

जानेवारीत अब्बांना घेऊन पुन्हा सोलापूरला निघालो. आकडा 14 वर होता. बराच वेळ ते गप्प होते. मग एका शेरावर मान हलवली आणि त्यातला शब्द मला समजावून सांगायला लागले, जणू मी त्यांचा विद्यार्थी. ते ऐकून बरं वाटलं. पण त्याच प्रवासात दुसरी गोष्टही लक्षात आली. मी डाव्या बाजूला बसलेल्या अब्बांशी बोलताना रस्त्याकडे बघायचो, तेव्हा माझे शब्द त्यांना कळत नव्हते. इतके दिवस ते माझे ओठ वाचत होते. आवाज सतत चढा असल्याने हे मला कधी दिसलंच नव्हतं.

सोलापुरात बहिणीने आणि मी मिळून त्यांना कानाच्या तपासणीला तयार केलं. श्रवणयंत्र लागणार आहे. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवून सांगितलं की यंत्र सगळाच आवाज सरसकट मोठा करत नाही, ज्या पट्टीत कमी ऐकू येतं तिथेच आधार देतं आणि प्रत्येकाच्या कानाप्रमाणे बसवावं लागतं. मला दाराचं पॅड उघडून बसलेला माझा विद्यार्थी आठवला. अ‍ॅम्पचे जे पैसे वाचले, ते आता त्या यंत्रासाठी बाजूला ठेवले आहेत.