फाटलेल्या चिठ्ठीची साक्ष

एखादा मनुष्य अकस्मात मृत्यू पावतो, मृत्यूचे कारण चटकन उलगडत नाही, आणि काही दिवसांनी त्याच्याच सामानात त्याच्या हातचा वाटावा असा एक कागद सापडतो. अशा कागदाला तपासात जे महत्त्व येते ते अन्य मुद्देमालाला क्वचितच येते. तो कागद जर फाटलेल्या स्थितीत मिळाला, तर तपास करणाऱ्यापुढे दोन कोडी उभी राहतात. कागदावर मूळ मजकूर काय होता, हे पहिले. आणि तो फाडला कोणी, केव्हा व का, हे दुसरे. पहिले कोडे सोडविण्याचे शास्त्र आज पुष्कळ पुढे गेले आहे. दुसरे मात्र प्रयोगशाळेत फारसे सुटत नाही. कागद सापडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत तो कोणी, कसा हाताळला यावरच त्याचे उत्तर अवलंबून असते. व्हिन्सेंट फॉस्टर यांच्या मृत्यूच्या निमित्ताने अमेरिकेला हा धडा फार महागात शिकावा लागला.

फॉस्टर हे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे आर्कान्सामधील बालपणापासूनचे स्नेही व हिलरी क्लिंटन यांचे वकिलीतील एके काळचे सहकारी. क्लिंटन अध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाउसचे उपविधिसल्लागार म्हणून ते वॉशिंग्टनला आले. अवघ्या सहा महिन्यांत, २० जुलै १९९३ रोजी, पोटोमॅक नदीच्या व्हर्जिनियाकडील तीरावर असलेल्या फोर्ट मार्सी उद्यानात त्यांचा मृतदेह आढळला. त्यांचे वय ४८ वर्षांचे होते. व्हाइट हाउसच्या प्रवास कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या बडतर्फीवरून त्या उन्हाळ्यात मोठे वादळ उठले होते, वृत्तपत्रांतून टीका होत होती आणि फॉस्टर त्याने व्यथित झाले होते. मृत्यूच्या आदल्या दिवशीच त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना नैराश्यावरील औषध लिहून दिले होते. आत्महत्येचा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा होता. परंतु मृत्यू अध्यक्षांच्या निकटवर्तीयाचा असल्याने शंकेलाही तितकीच सुपीक जमीन मिळाली.

या जमिनीत पहिले बी पडले ते फॉस्टर यांच्या कार्यालयात. मृत्यूच्या रात्री ते कार्यालय सीलबंद करण्यात आले नाही आणि व्हाइट हाउसमधील काही अधिकारी तेथे जाऊन आले. २२ जुलै रोजी कार्यालयाची झडती झाली तेव्हा पोलीस, एफबीआय व न्याय खात्याचे वकील हजर होते. पण कागदपत्रे पाहिली ती एकट्या विधिसल्लागार बर्नार्ड नुसबॉम यांनी. वकील व अशील यांच्यातील गोपनीयतेचे कारण सांगून इतरांना कागद वाचू देण्यात आले नाहीत. फॉस्टर यांची ब्रीफकेस त्या वेळी रिकामी असल्याचे सांगण्यात आले. चारच दिवसांनी, २६ जुलै रोजी, सामानाची बांधाबांध करीत असताना त्याच ब्रीफकेसच्या तळाशी पिवळ्या, रेघांच्या कागदाचे २७ कपटे निघाले. विधिसल्लागारांच्या एका सहकाऱ्याने ते तेथेच टेबलावर जुळवून वाचले. अठ्ठाविसावा तुकडा मिळाला नाही. फॉस्टर यांच्या पत्नीला ते लिखाण आधी दाखवावे व अध्यक्षांना आपल्या विशेषाधिकाराचा विचार करण्यास अवधी मिळावा, या कारणास्तव कपटे पोलिसांच्या हाती देण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला.

जुळविलेल्या कागदावर सही नव्हती, तारीख नव्हती आणि मृत्यूचा उल्लेखही नव्हता. आपल्याकडून अज्ञानाने, अननुभवाने व कामाच्या ओझ्याने चुका झाल्या, परंतु आपण जाणूनबुजून कोणताही कायदा मोडला नाही, असे त्यात म्हटले होते. एफबीआय, विरोधी पक्ष व वृत्तपत्रे यांच्याविषयी तक्रारी होत्या. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक जीवनाच्या झोतात राहण्यासाठी आपण घडलेलो नाही, आणि येथे माणसांना उद्ध्वस्त करणे हा एक खेळ समजला जातो, या आशयाच्या ओळींनी ते टिपण संपत होते. आपल्या बचावाचे मुद्दे लिहून काढावेत असे त्यांच्या पत्नीने त्यांना सुचविले होते आणि मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांनी तसे लिहिले होते. तेव्हा या कागदाला रूढ अर्थाने अखेरची चिठ्ठी म्हणता येत नाही. खचत चाललेल्या एका कर्तव्यदक्ष मनाची ती नोंद होती, आणि त्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते.

अशा कपट्यांचे शास्त्र काय करू शकते, हे येथे समजून घेतले पाहिजे. कागद म्हणजे तंतूंची दाट वीण. तो तंतूंच्या ओढीच्या दिशेने फाटला तर कड बरीच सरळ येते, आडवा फाटला तर वेडीवाकडी येते. कोणतेही दोन कागद सर्वस्वी सारखे फाटत नाहीत. म्हणून एका तुकड्याची खाच व दुसऱ्याचा उंचवटा सूक्ष्मदर्शकाखाली जुळले, की ते एकाच कागदाचे असल्याबद्दल जवळजवळ शंका उरत नाही. छापील रेघा, फाटीवरून पलीकडे गेलेली अक्षरांची वळणे, शाईची छटा यांची जोड मिळते ती वेगळीच. चार तुकड्यांच्या कडा सारख्याच आकाराच्या निघाल्या तर कागद घडी घालून किंवा एकावर एक ठेवून फाडला असावा, असेही अनुमान करता येते.

या कामाला एक क्रम आहे आणि तो मोडला की हानी भरून येत नाही. तुकडे सापडले त्या स्थितीत त्यांचे छायाचित्र आधी घ्यावयाचे, मग प्रत्येकाला क्रमांक द्यावयाचा. उघड्या हातांनी त्यांना स्पर्श करावयाचा नाही. डिंक वा चिकटपट्टी लावावयाची नाही. तिरप्या उजेडात दाबाच्या खुणा पाहावयाच्या. वहीच्या वरच्या पानावर लिहिलेल्या मजकुराचे खालच्या पानावर उमटलेले, डोळ्यांना न दिसणारे ठसे स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने दृश्य करणारे यंत्र १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाले. ही तपासणी कागद ओला करण्यापूर्वीच उरकावी लागते. बोटांच्या ठशांसाठी निनहायड्रिन हे द्रव्य वापरतात. घामातील अमिनो आम्लांशी संयोग होऊन ते जांभळा रंग देते. पण त्याच्या द्रावणाने कागद भिजला की दाबाच्या खुणा जाऊ शकतात आणि काही शाया पसरतात. म्हणजे एका परीक्षेची घाई दुसऱ्या परीक्षेचा पुरावा नष्ट करू शकते. साहजिकच, कोणी उत्सुकतेपोटी टेबलावर कपटे पसरून ते जुळवीत बसणे, हे हेतू कितीही निर्मळ असला तरी तपासाच्या दृष्टीने घातकच ठरते.

एवढी दक्षता घेतल्यावरही शास्त्राच्या उत्तराला सीमा राहतात. काय लिहिले होते, हे ते बहुधा निश्चितपणे सांगते. कोणी लिहिले, हे पुरेसे निर्विवाद नमुने व मूळ कागद समोर असतील तर पुष्कळ खात्रीने सांगते. परंतु कागद कोणी फाडला आणि त्या ठिकाणी कोणी ठेवला, याविषयी ठसे न मिळाल्यास ते मूक राहते. फॉस्टर यांच्या कपट्यांवर ओळख पटण्याजोगा बोटाचा ठसा मिळाला नाही. यात आश्चर्य काही नव्हते. कोरड्या हातांचा, घाईच्या स्पर्शाचा ठसा कागदावर उमटेलच असे नाही. परंतु ज्यांना कट पाहावयाचा होता त्यांना ठशांचा अभाव हाच ठसा वाटला. हरवलेल्या तुकड्यावरच सही असली पाहिजे, असा तर्क त्यात मिसळला. चार दिवसांपूर्वी रिकामी असलेली ब्रीफकेस एकाएकी बोलू कशी लागली, या प्रश्नाला प्रयोगशाळेत उत्तर नव्हते. ते उत्तर झडतीच्या वेळी केलेल्या काटेकोर नोंदीत असावयास हवे होते. आणि तशी नोंद नव्हती.

पुढे जे घडले ते अपरिहार्य होते. १० ऑगस्ट १९९३ रोजी टिपणाचा मजकूर प्रसिद्ध झाला, पण संशय शमला नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये तीन हस्ताक्षरतज्ज्ञांनी पत्रकार परिषदेत हे लिखाण बनावट असल्याचे जाहीर केले. त्यांतील एक ऑक्सफर्डचे नामांकित जाणकार होते. मात्र त्यांनी तपासली होती ती प्रतिलिपी. प्रतिलिपीत लेखणीचा दाब दिसत नाही, रेषेतील थरथर व लेखणी उचलल्याच्या जागा पुसट होतात. त्यामुळे अस्सल हस्ताक्षर नकली भासण्याचा धोका असतो. शासकीय तपासात मूळ कपटे पाहणाऱ्या तज्ज्ञांनी लिखाण फॉस्टर यांचेच असल्याचा निर्वाळा दिला. उद्यान पोलीस, प्रतिनिधिगृहातील एक सदस्य, सिनेटची समिती, स्वतंत्र अधिवक्ता रॉबर्ट फिस्क आणि त्यांच्यानंतरचे केनेथ स्टार अशा पाच स्वतंत्र चौकश्या झाल्या. स्टार हे क्लिंटन यांचे मित्र नव्हते, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याही १९९७च्या अहवालाने आत्महत्येचाच निष्कर्ष कायम केला.

अखेर सत्य प्रस्थापित झाले, मग बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते असे, की जे काही आठवड्यांत व्हावयाचे त्याला चार वर्षे लागली आणि त्याची किंमत मृताच्या कुटुंबाने मोजली. फॉस्टर यांनी मृत्यूपूर्वी नऊ दिवस एका वकिलाचा सल्ला घेतला होता. त्या भेटीची टिपणे मिळविण्यासाठी स्टार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशिलाच्या मृत्यूनंतरही वकिलाशी झालेले बोलणे गोपनीयच राहते, असा निकाल त्या न्यायालयाने १९९८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. मृत्युस्थळाची छायाचित्रे प्रसिद्ध व्हावीत म्हणून एक नागरिक वर्षानुवर्षे न्यायालयात झगडत राहिला. २००४ मध्ये न्यायालयाने एकमताने कुटुंबीयांचा खासगीपणाचा अधिकार मान्य केला. मृत्यूनंतर अकरा वर्षे त्या घराला शोक करण्याचीही उसंत मिळू नये, ही साधी गोष्ट नव्हे. पहिल्या रात्री एका दाराला सील लागले असते तर यांतील पुष्कळसे टळले असते.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून आपल्याला बाजूला सारता येणार नाही. १९८२ मध्ये पुण्यात विषाने झालेल्या एका नवविवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे हा पुराव्याचा मोठा भाग होता. तीच पत्रे, तीच परिस्थिती. पण सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कोठेही तुटलेली असता कामा नये, हे सांगणारी पाच तत्त्वे याच निकालात ग्रथित झाली. हस्ताक्षरतज्ज्ञांच्या मताविषयीही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच समतोल भूमिका घेतली होती. असे मत केवळ तज्ज्ञाचे म्हणून फेटाळू नये, परंतु ते सावधपणे पारखून घ्यावे, हा तिचा मथितार्थ. कागद कितीही बोलका असला तरी तो साखळीतील एक कडी आहे, आणि ती कडी कोणाकोणाच्या हातांतून गेली हे न्यायालयाला कळलेच पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या बाबतीत दोन स्वागतार्ह पावले टाकली. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली. ती अमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. पण येथे एक मोठी फट राहिली आहे. तज्ज्ञाच्या भेटीची सक्ती गुन्ह्याची माहिती मिळाल्यावरची आहे. विहिरीत, छताला वा विषाने झालेला मृत्यू आरंभी अकस्मात मृत्यू म्हणूनच नोंदला जातो. गुन्हा दाखल झालाच तर तो नंतर. तोवर चिठ्ठी शेजाऱ्यांनी वाचलेली असते, नातलगांच्या हातांतून फिरलेली असते, किंवा तिचे कपटे केरात गेलेले असतात. ज्या कागदावरून आत्महत्या की घातपात हे ठरावयाचे, त्याला संरक्षण मिळते ते हा निर्णय झाल्यावर. हा क्रम उलटा आहे.

यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. अकस्मात मृत्यूच्या नोंदीनंतर कोणताही हस्तलिखित कागद, अखंड वा फाटका, सापडला तर गुन्हा नोंदला गेला की नाही हे न पाहता तज्ज्ञाला पाचारण करावे, असा आदेश गृहखाते काढू शकते. मृताची खोली पहिल्या तासातच बंद करावी. कचऱ्याची टोपली, खिसे, वह्या व त्यांची कोरी पानेसुद्धा जप्त करावीत. किती तुकडे मिळाले एवढेच न लिहिता, कोणता भाग मिळाला नाही हेही पंचनाम्यात स्पष्ट नमूद करावे. उणीव आधी सांगितली की ती उणीवच राहते. दुसऱ्याने शोधून काढली की तिचे कारस्थान होते. चिठ्ठीतील मजकूर वृत्तपत्रांना वाटण्याचा मोहही पोलिसांनी आवरावा; आणि वृत्तपत्रांनी तो छापण्याचा.

अशा मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांना एकच प्रश्न छळत असतो: हे असे का घडले? त्याचे उत्तर कधी कधी पिवळ्या कागदाच्या चार कपट्यांत असते. कपटे जुळविणारे हात व यंत्रे आता उपलब्ध आहेत. ते प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत निष्कलंक राहतील, याची जबाबदारी मात्र घटनास्थळी प्रथम पोहोचणाऱ्या शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाची आहे. तेथे कसूर झाली तर कागद जुळेल, मजकूर वाचता येईल, तज्ज्ञ निर्वाळाही देतील. पण त्यावर विश्वास ठेवावयास कोणी तयार होणार नाही.